धार लावली तरी सुरी चार दिवसांत बोथट होते? आधी हे तपासा

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. सुरीला धार लावली की पहिले तीन-चार दिवस हात भराभर चालतो. मग एका सकाळी टोमॅटोची साल कापली न जाता नुसती दबते, रस बोर्डावर पसरतो, कांद्याच्या चकत्या खालून एकमेकींना चिकटलेल्या निघतात आणि मनगटावर जोर येऊ लागतो. पुन्हा धार लावायची, पुन्हा तेच चार दिवस.

मी हे चक्र कित्येक वर्षं भोगलं आहे. दर वेळी दोष सुरीला दिला आणि नवी आणली. ड्रॉवरमध्ये तीन सुऱ्या जमल्या आणि तिन्ही बोथट. शेवटी एका रात्री टेबलावरच्या दिव्याखाली तिन्ही पाती शेजारी शेजारी धरून बघितली, तेव्हा लक्षात आलं की तिघींची धार एकाच जागी गेली होती. टोक शाबूत होतं, मुठीजवळचा भाग बराचसा शाबूत होता, पण मधला पोटाचा भाग, जो कापताना बोर्डावर टेकतो, तो आरशासारखा चमकत होता. सुऱ्या तीन वेगळ्या होत्या, बोर्ड मात्र एकच होता, आणि तो काचेचा होता.

म्हणून नवी सुरी घेण्याआधी किंवा पुन्हा धार लावायचा दगड काढण्याआधी धार कुठे गेली आहे ते बघा. कुठे गेली ते कळलं की का गेली ते बऱ्याचदा आपोआप कळतं.

धार कुठे गेली ते कसं बघायचं

सुरी धुऊन पुसा. धार वर करून, पातं दिव्याखाली धरून मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू तिरकं करत बघा. खऱ्या धारेला जाडीच नसते, त्यामुळे तिच्यावरून उजेड परत येत नाही आणि ती रेघ काळपट दिसते. जिथे पांढरी चमकती रेघ दिसते तिथे धार वळली आहे किंवा झिजून सपाट झाली आहे. एखादाच चमकता ठिपका दिसला तर तिथे टवका उडाला आहे.

मग कागदाची परीक्षा. साधा लिहायचा कागद एका हातात उभा धरा आणि दुसऱ्या हाताने सुरी मुठीपासून टोकापर्यंत त्यातून ओढा. जिथे कागद अडकतो किंवा फाटतो, ती जागा दिव्याखाली दिसलेल्या जागेशी जुळेल. टोमॅटोची परीक्षा सगळ्यांत शेवटी घ्या. पातं सालीवर नुसतं टेकवून, वरून अजिबात न दाबता मागे ओढा. साल आपणहून उघडली तर धार चांगली आहे.

आता जे दिसलं त्याचा अर्थ. फक्त पोटाचा भाग गेला असेल तर बोर्डावर संशय घ्या. टोकाजवळ ठिपके असतील तर सुरी ड्रॉवरमध्ये किंवा सिंकमध्ये इतर भांड्यांवर आपटते आहे, नाहीतर तिने कोणीतरी डबे उघडतं आहे. मधेच एक-दोन खोल टवके असतील तर हाड, गोठवलेला पदार्थ किंवा भोपळ्यात रुतलेली सुरी पिळून बाहेर काढणं, यांपैकी काहीतरी झालं आहे. आणि पूर्ण लांबीची धार दोन-तीन दिवसांतच एकदम गेली असेल तर ती मुळात नीट लागलीच नव्हती. हे शेवटचं कारण मला सगळ्यांत जास्त वेळा दिसतं आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं, म्हणून त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

धार जाते म्हणजे नेमकं काय होतं

आपल्याला वाटतं की धार घासून घासून झिजते. ते खरं आहे, पण अर्धंच. धारेची कड इतकी पातळ असते की दाब आला की ती एका बाजूला वळते, कागदाचा कोपरा दुमडावा तशी. लोखंड तिथेच असतं, पण कापणारी कड आता खाली बघत नसते, बाजूला बघत असते. पोलाद कडक असेल तर वळण्याऐवजी बारीक टवके उडतात. आणि सुरी ओली राहिली, त्यातही लिंबू किंवा टोमॅटो कापून तशीच पडली, तर आंबट रस त्या पातळ कडेला हळूहळू खातो.

मऊ वस्तूनेही धार कशी जाते, याचा एक सुंदर अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. त्यांनी दाढीचं ब्लेड आणि केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ, तरी ब्लेडच्या कडेला टवके उडाले, कारण केस कापताना वाकतो आणि पोलादातल्या एखाद्या कमजोर जागी सगळा ताण एकवटतो. स्वयंपाकघरासाठी यातून एक कामाची गोष्ट मिळते. धार सरळ रेषेत चालली तर टिकते, तिला बाजूने ताण दिला की तुटते. कापताना पातं वाकडं करणं, पिळणं, चिरलेली भाजी धारेनेच खरवडून पातेल्यात लोटणं, हे सगळे बाजूचेच ताण आहेत. भाजी गोळा करायला सुरी उलटी करून पाठीचा भाग वापरा. एवढी एकच सवय लावली तरी धारेचं आयुष्य चांगलंच वाढतं.

बोर्ड बदला, सुरी नको

काच, संगमरवर, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं ताट, चिनी मातीची बशी. यांपैकी कशावरही कापत असाल तर दुसरं कारण शोधू नका. प्रत्येक घावाला धार अजिबात न दबणाऱ्या कडक गोष्टीवर आपटते. काचेचा बोर्ड धुवायला सोपा आणि दिसायला देखणा असतो, म्हणून तो घेतला जातो. मीही म्हणूनच घेतला होता. आता तो गरम भांडं टेकवायला वापरते, आणि त्या कामाला तो फार छान आहे.

कापायला लाकूड किंवा प्लास्टिक. लाकडातही फरक असतो. ज्या बोर्डावर लाकडाचे उभे तंतू वर आलेले दिसतात, चौकोनी ठोकळे जोडल्यासारखा जो असतो, त्यावर धार तंतूंच्या मधे शिरते आणि सगळ्यांत जास्त टिकते. बांबूचे बोर्ड हलके आणि टिकाऊ असतात, पण बांबू बऱ्याच लाकडांपेक्षा कडक असतो आणि त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते कडक द्रव्यही असतं. धारेच्या दृष्टीने तो माझी पहिली निवड नाही.

लाकडी फळी अस्वच्छ असते ही भीती पुष्कळांना असते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले आणि १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केले. लाकडावर सोडलेले जिवाणू आत शोषले जातात आणि पृष्ठभागावरून पुन्हा हाती लागणं अवघड होतं, असं त्यांना दिसलं. उलट सुरीच्या चरांनी भरलेला जुना प्लास्टिकचा बोर्ड हाताने घासून स्वच्छ होणं कठीण. म्हणजे प्लास्टिकचा बोर्ड वापरायचा असेल तर तो चरांनी खरखरीत झाला की बदला. लाकडाचा असेल तर धुऊन उभा वाळवा. कच्चं मांस कापायला बोर्ड वेगळाच ठेवा, मग तो कशाचाही असो.

बोर्ड घसरत असेल तर खाली ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं अंथरा, काम झालं. बोर्ड वाकून डुगडुगत असेल तर बहुधा त्याची एकच बाजू ओली होते आहे. दोन्ही बाजू धुवा, आडवा न ठेवता उभा करून वाळवा, आणि फुगीर बाजू वर ठेवून काही दिवस सोडून द्या. थोडा वाक असेल तर निघतो. लाकडाला मधूनमधून खाण्यायोग्य मिनरल ऑइल चोळा. स्वयंपाकाची बहुतेक तेलं लावू नका, ती वाळत नाहीत आणि काही दिवसांनी खवट वास येतो.

धार लावली, पण लागलीच नाही

आता तो मोठा मुद्दा. दगडावर पातं घासत गेलं की कडेचं पोलाद पलीकडच्या बाजूला ढकललं जातं आणि तिथे एक अतिशय बारीक, वळलेली, तारेसारखी कड तयार होते. बोटांना ती खरखरीत लागते. ही तार कागद मस्त कापते, त्यामुळे धार लागली असं वाटतं. पण ती इतकी लेची असते की दोन दिवसांच्या कांद्या-बटाट्यात वळते किंवा तुटून जाते, आणि मागे बोथट कड उरते. 'लावून आणली की चार दिवस चालते' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. धार लावताना शेवटची पायरी राहून गेलेली असते.

दुसरी शक्यता, सुरी वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धरली गेली. ठिणग्या उडतात, धार क्षणात लागते, पण त्या पातळ कडेला प्रचंड उष्णता लागते. सुरीच्या पोलादाला जो कडकपणा दिलेला असतो तो त्या उष्णतेने उतरतो. कडेजवळ निळसर किंवा तपकिरी झाक दिसली तर हेच झालं आहे. तेवढा भाग घासून काढेपर्यंत ती सुरी धार धरणार नाही.

घरी दगडावर धार लावणं शिकायला एक दुपार पुरते. मला पहिल्यांदा जमलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. एक हजार ग्रिटचा एक दगड घरासाठी पुरेसा आहे (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचं माप, आकडा मोठा तितका दगड बारीक). टवके उडालेले असतील तर आधी तीनशे-चारशेचा जाडसर दगड लागतो. तीन हजारांच्या पुढचे बारीक दगड ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी.

दगड पाण्याचा असेल तर सोबतच्या सूचनेप्रमाणे भिजवा. काहींना दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावं लागतं, काहींवर नुसतं पाणी शिंपडायचं असतं. खाली ओलं फडकं घाला. आता कोन. स्वयंपाकाच्या बहुतेक सुऱ्यांना प्रत्येक बाजूला १५ ते २० अंश लागतात. हा आकडा डोळ्यांना कळत नाही, म्हणून उंचीने मोजा. पातं ४ सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे १.४ सेंटीमीटर वर धरली की साधारण २० अंश होतात, १ सेंटीमीटर वर धरली की १५. मी सुरुवातीला सुरीच्या पाठीखाली नाण्यांची चळत ठेवून ती उंची हाताला शिकवली आणि मग नाणी काढून घासायला लागले.

कोन बरोबर आहे की नाही हे कळायला एक सोपी युक्ती आहे. धारेच्या कडेवर मार्कर पेनाने रंगाची रेघ ओढा आणि दगडावर दोन-तीन हात मारून बघा. रंग अगदी कडेवरून गेला तर कोन बरोबर. कडेवर रंग उरला आणि वरचा गेला तर पाठ थोडी वर उचला. फक्त कडेचाच बारीक रंग गेला आणि वरचा तसाच राहिला तर पाठ थोडी खाली आणा.

दोन-तीन बोटं पात्यावर धारेजवळ ठेवून, हलका दाब देत, मुठीपासून टोकापर्यंत थोडं थोडं सरकत घासा. मधेमधे पलीकडच्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे आणि तसाच बाहेर न्या. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नका. ती खरखरीत तार पूर्ण लांबीत लागली की बाजू बदला. एखाद्या जागी लागत नसेल तर त्या जागी अजून घासायचं आहे, पुढे जायची घाई करू नका. दुसऱ्या बाजूनेही पूर्ण लांबीत तार लागली की धार तयार झाली, पण काम संपलं नाही.

आता तार काढायची. दाब जवळजवळ शून्यावर आणा आणि एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, असे आठ-दहा हलके हात मारा. मग जाड पुठ्ठ्यावर किंवा कातड्याच्या पट्ट्यावर पातं मागच्या मागे ओढा, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागून. धार पुढे घालून ढकललं तर पुठ्ठा कापला जाईल. पाच-सहा वेळा दोन्ही बाजूंनी असं केलं की बोटाला कुठलीच खरखर लागत नाही. आता कागद कापून बघा, आवाज सुद्धा बदललेला असतो. फाटल्याचा खर्र आवाज जातो आणि एक बारीक सळसळ उरते.

होनिंग रॉड म्हणून जी गोल सळई मिळते तिच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ती बोथट सुरीला धार लावत नाही. वळलेली कड ती सरळ करते, एवढंच. पण ते एवढंच काम रोज झालं तर दगड काढायची वेळ फार उशिरा येते. सळई उभी टेकवा, त्याच कोनात, प्रत्येक बाजूने तीन-चार हलके हात. आपटायचं नाही. अतिशय कडक आणि पातळ पात्याच्या सुऱ्यांना खाचांची पोलादी सळई टवके पाडू शकते, त्यांना बारीक सिरॅमिकची सळई बरी. सळई नसेल आणि पाहुणे दारात असतील तर चिनी मातीचा कप उलटा करा. तळाला जी बिनचकाकीची खरखरीत कडी असते, तिच्यावर दोन-चार हात मारून वेळ निभावते.

खाचेतून सुरी ओढायची छोटी यंत्रं झटपट आहेत, पण पोलाद फार खातात आणि धार दातेरी सोडतात. साध्या सुरीसाठी अडीअडचणीला चालतील. जपून वापरायच्या सुरीला मी त्यांच्याजवळ नेणार नाही.

सुरीच कमी पडत असेल तर

बोर्ड बरोबर आहे, तार काढली आहे, सुरी धुऊन पुसून वेगळी ठेवली जाते, तरीही आठवडाभरात धार जाते? मग पोलाद मऊ आहे. कडकपणा रॉकवेल मापावर मोजतात. सर्वसाधारण चांगल्या युरोपीय सुऱ्या ५६ ते ५८ च्या आसपास असतात, जपानी धाटणीच्या अनेक सुऱ्या ६० किंवा त्याहून वर. आकडा जितका मोठा तितकी धार टिकते, पण तितकीच ती ठिसूळ होते. हाताला दणकट वापर असेल, सुरी घरात चार जणांच्या हाती जात असेल, तर ५६-५८ हाच सुखाचा पर्याय आहे.

न गंजणारं पोलाद म्हणजे धार टिकणारं पोलाद, असं समीकरण नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. ते बंदुकीच्या नळ्यांसाठीच्या कामातून निघालं होतं, पण ते गंजत नाही हे बघून ब्रेअर्लींनी त्याचा वापर सुरी-काट्यांसाठी सुचवला. धार धरत नाहीत म्हणून सुरुवातीला त्या सुऱ्यांना नावं ठेवली गेली. योग्य उष्णता देऊन ते कडक कसं करायचं हे कारागिरांना नीट उमगल्यावरच त्यांचा जम बसला. आजही नुसतं स्टेनलेस असं लिहिलेलं बघून काही कळत नाही. पोलादाला उष्णता कशी दिली आहे यावर सगळं असतं.

एक सांगायचं राहिलं. कांदा कापताना डोळ्यांत पाणी येणं हेही बऱ्याच अंशी सुरीचंच लक्षण आहे. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातले पदार्थ एकमेकांत मिसळून डोळ्यांना झोंबणारी वाफ तयार होते. ही वाफ घडवणारं एक खास एन्झाइम असतं, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. बोथट सुरी कापण्याऐवजी चेपते, कांद्याचा थर आधी दबतो आणि मग एकदम फुटतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. बोथट पात्याने आणि घाईने कापल्यावर रसाचे तुषार जास्त उडतात आणि जोरात उडतात. धारदार सुरी, सावकाश हात, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

सुरीशेजारच्या इतर कुरबुरी

*सोलाणं साल काढण्याऐवजी खरवडतं.* सुरीला धार लावायचं सुचतं, पण सोलाण्याची पण धार जाते हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दहा वर्षं तेच सोलाणं आणि रोज बटाट्याशी झटापट. पातं हलतं असेल तर आधी त्याच्या दोन्ही टोकांना साचलेली वाळलेली साल दातकोरणीने काढा. पुष्कळदा पातं नुसतं अडकलेलं असतं. तरीही ओढावं लागत असेल तर सोलाणं बदला. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड नेवेचेरझाल यांनी १९४७ मध्ये केलेलं आडव्या पात्याचं सोलाणं आजही जवळजवळ त्याच रूपात बनतं, आणि त्याचं चित्र २००४ मध्ये स्विस टपाल तिकिटावर आलं. एक वाकवलेली पट्टी आणि एक हलतं पातं, बस.

बोटं दुखत असतील तर मात्र मुठीकडे बघा. माझ्या आईच्या बोटांचे सांधे धरतात. बारीक पत्र्याच्या मुठीचं सोलाणं ती पाच मिनिटांत खाली ठेवायची आणि म्हणायची, "राहू दे, सालीसकट घाल." जाड, मऊ रबरी मुठीचं आणल्यावर तिने किलोभर गाजरं न थांबता सोलली. जाड मुठीला बोटं आवळावी लागत नाहीत, हे त्याचं कारण. अशा मुठीची उपकरणं अमेरिकेतले उद्योजक सॅम फार्बर यांनी १९९० मध्ये बाजारात आणली तीही पत्नीच्या सांधेदुखीमुळेच. दुखऱ्या हाताचा विचार करून केलेली मूठ धडधाकट हातालाही सुखाची लागते.

*किसणी सालीऐवजी बोटं सोलते.* बोथट किसणीवर आपण जोर देतो आणि हात घसरतो. बारीक धारदार दात्यांची लांब किसणी घ्या. या किसण्या मुळात लाकूडकामाच्या कानशी होत्या. कॅनडातल्या एका बाईंनी १९९४ मध्ये केकसाठी संत्र्याची साल किसायला नवऱ्याची नवी कानस उचलली, आणि तिथून त्या स्वयंपाकघरात शिरल्या. धुताना ब्रश दात्यांच्या दिशेने फिरवा, आणि वाळायच्या आत धुवा.

*स्टीलच्या पॅनला सगळं चिकटतं.* बहुधा पॅन पुरेसं तापायच्या आत पदार्थ पडतो. रिकामं पॅन मध्यम आचेवर तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. तो चर्र करून उडाला तर अजून थांबा. तो मोत्यासारखा गोल होऊन पॅनभर पळू लागला की पॅन तापलं. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो. जर्मनीच्या योहान लायडनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये याचं वर्णन लिहिलं आहे. मग पाणी पुसून तेल घाला आणि पदार्थ टाकून हात आवरा. खालची बाजू खरपूस झाली की तो स्वतःहून सुटतो, त्याआधी उलथनं घालून ओढाताण केली तर फाटतो. नॉनस्टिक पॅनवर हा प्रयोग करू नका, ते रिकामं तापवायचं नसतं.

पॅन एकाच बाजूला करपवत असेल तर ते सपाट ओट्यावर ठेवून कडेला बोटाने दाबा. डुगडुगलं तर बूड वाकलं आहे. तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतल्याने असं होतं. आधी निवू द्या, मग धुवा.

*कुकरच्या कडेने वाफ जाते.* आधी रिंग काढून धुवा, वाकवून बघा. चिरा दिसल्या किंवा ती कडक झाली असेल तर बदला, रबर उष्णतेने कडक होतंच. रिंग ठीक असेल तर झाकणाची आणि भांड्याची कड बोटाने चाचपा, एखादा पोचा सापडेल. वाफेची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते दर वेळी बघा. कुकरमधला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार, म्हणजे जवळजवळ बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, जास्त असतो, म्हणून आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि शिजायचा वेळ वाचतो. तीच ताकद नळी तुंबल्यावर धोक्याची ठरते, म्हणून या एका बाबतीत चालढकल नको.

*मूठ सैल झाली आहे.* तापणं आणि निवणं यात धातू प्रसरण आणि आकुंचन पावतो, स्क्रू हळूहळू ढिला होतो. भांडं पूर्ण गार असताना आवळा, गरम असताना नाही. स्क्रू नुसताच फिरत असेल तर खाली बारीक धातूचं वॉशर घाला. लाकडी मुठीची सुरी पाण्यात भिजत ठेवू नका, लाकूड फुगून आकसतं आणि पात्याभोवती फट पडते. फट पडायच्या आत, लाकूड कोरडं दिसू लागलं की बोर्डाला लावतो तेच मिनरल ऑइल कापसाने मुठीलाही चोळा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसून घ्या.